डायल-अप मोडेम लागंना? आधी कान लावा, कंप्युटर नंतर उघडा

डायल-अप मोडेम, म्हणजे साध्या फोनच्या वायरीवरून एका कंप्युटरला दुसऱ्याशी जोडणारं यंत्र, म्हणलं की लोक हसायलेत आता. हसू द्या. अमेरिकेतल्या एओएल ह्या इंटरनेट कंपनीनं सुद्धा ३० सप्टेंबर २०२५ ला आपलं डायल-अप बंद करून टाकलं, त्यामुळं इंटरनेटसाठी हे वापरा असं मी कोणाला म्हणणार नाही. पण जिनिंगच्या वजनकाट्यावर एखादा जुना कंप्युटर असतोय, त्यातलं सॉफ्टवेअर बनवणारा माणूस कधीच पुण्याला निघून गेलेला, आणि तो कंप्युटर रोज रात्री मोंढ्यातल्या ऑफिसला फोन लावून दिवसभराच्या पावत्या पाठवतोय, तो काही कोणाच्या हसण्यानं बंद पडत नाही. कुठं फॅक्स मोडेम आहे, कुठं एखादा हौशी पोरगा विंडोज ९८ चं मशीन झाडून-पुसून बसलाय. सगळ्यांचं रडगाणं एकच, मोडेम डायल करतंय पण कनेक्ट होईना.

आणि मग काय करतात तर विंडोज परत टाकतात. उगं. बिघाड बहुतेक वेळा कंप्युटरच्या बाहेर असतोय, वायरमधी, सॉकेटमधी, नंबरात नाहीतर समोरच्या टोकाला. आणि तो नेमका कुठं आहे हे मोडेम स्वतः ओरडून सांगत असतं, पण आपण त्याचा आवाज "लै कटकट" म्हणून पहिल्याच दिवशी बंद करून ठेवलेला असतोय. म्हणून सगळ्यात आधी स्पीकर चालू करा. मोडेमच्या प्रॉपर्टीजमधी स्पीकर व्हॉल्यूमचा दांडा असतोय तो पुढं ओढा, किंवा टर्मिनलमधून (मोडेमला टाइप करून कमांड द्यायचा प्रोग्राम, तो पुढं सांगतो) एटीएम१एल३ द्या. (कमांड मी इथं देवनागरीत लिहायलोय, तुम्ही टाइप करताना इंग्रजी अक्षरं आन् इंग्रजी आकडेच टाका, मधी स्पेस नको.)

आता डायल करा आणि गुमान ऐका. आधी टक् करून लाइन उचलल्याचा आवाज, मग डायल टोन, मग नंबराचे पी-पू-पी, मग समोर रिंग, मग समोरच्या मोडेमनं उचललं की क्षणभर शांतता आणि नंतर एक लांब बारीक शिट्टी. ही शिट्टी २१०० हर्ट्झची असती आणि तिच्यात साधारण अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला बारीक झटका बसल्यासारखं ऐकू येतंय, त्यानं एक्स्चेंजमधले इको दाबणारे यंत्र बाजूला होतात. मग आपलं मोडेम कुरकुर करून उत्तर देतंय, मग दोघं लाइन तपासतात, मग खर्रर्र असा जाड आवाज, आणि जमलं की स्पीकर एकदम गप्प. आवाज कुठवर आला आणि कुठं तुटला एवढं कळलं की अर्धं काम झालं. टोनच नाही तर वायर किंवा मोडेम. टोन आहे पण रिंग नाही तर नंबर. रिंग जातीय पण शिट्टी नाही तर समोरचं मशीन. शिट्टी, खर्रर्र सगळं होऊन शेवटी "नो कॅरियर", म्हणजे समोरच्या मोडेमचा सिग्नल मिळंना, तर लाइन खराब किंवा स्पीड जास्त. आणि आवाज बंद होऊन मग एरर आला तर पासवर्ड नाहीतर नेटवर्किंगची सेटिंग, तेव्हा कुठं कंप्युटरकडं बघायचं.

एक-एक घेऊ.

डायल टोन येईना

मोडेमला लागलेली वायर काढा आणि तीच वायर साध्या फोनला लावा. तीच, दुसरी नाही. फोनवर टोन आला तर वायर बरी आहे. मग मोडेमच्या मागं बघा, दोन सॉकेट असतात, एकावर लाइन लिहिलेलं, दुसऱ्यावर फोन. भिंतीतून येणारी वायर लाइनमधी पाहिजे. झाडू मारताना वायर निघती आणि कोणीतरी मिळंल त्या भोकात परत खोचतंय, हे सगळ्यात जास्त होतंय आणि सगळ्यात शेवटी बघितलं जातंय.

घरात पॅरलल फोन किती आहेत तेबी बघा. आतल्या खोलीतला फोन तिरका ठेवला असंल तर लाइन उचललेलीच राहती. तपासताना सगळे पॅरलल काढून टाका, कॉलर आयडीचा डबा असंल तर तोबी काढा, एकच वायर एकच मोडेम ठेवा. आणि त्याच लाइनवर ब्रॉडबँड असंल तर मोडेमच्या आधी फिल्टर किंवा स्प्लिटर लागतोय, त्याचा फोनवाला कोपरा मोडेमला.

फोनवर टोन आहे, मोडेम मात्र "नो डायल टोन" म्हणतंय, म्हणजे विंडोजचा एरर ६८०, तर दोन शक्यता. एक, मोडेम बाहेरून आलेलं आहे आणि त्याला आपल्याकडचा टोन ओळखू येईना. अमेरिकेचा डायल टोन वेगळा, ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून झालेला, आपला ४०० च्या आसपासचा घुमणारा. मोडेम टोन ऐकतंय पण हा डायल टोन आहे हे त्याच्या गावी नसतंय. कोनेक्झंट चिपच्या मोडेममधी एटी+जीसीआय=५३ दिलं की देश भारत होतोय. तेवढं जमलं नाही तर एटीएक्स३ द्या, म्हणजे टोनची वाट न बघता सरळ डायल. विंडोजमधी "वेट फॉर डायल टोन" ची टिक काढली तरी तेच होतंय. दुसरी शक्यता, मोडेमचा लाइनकडचा भाग जळालाय. त्याचं पुढं सांगतो.

वायर, म्हणजे खरा रोग

आपल्याकडं तांब्याची लाइन म्हणजे खांबावरच्या टेलिफोनच्या डीपी बॉक्सपासून भिंतीवरच्या रोझेटपर्यंत, म्हणजे फोनची वायर जोडायच्या डबीपर्यंत, सगळी सांधेच सांधे. रोझेट उघडा, एकच स्क्रू असतोय. आत मुंग्यांचं वारूळ, पालीची अंडी, जिनिंगवर असाल तर कापसाचा भुसा, आणि स्क्रूखाली तांब्याचं टोक हिरवं पडलेलं. त्या हिरव्यातून माणसाचा आवाज जातोय, म्हणून फोन बरोबर चालतोय असं वाटतंय, पण मोडेमला ते चालत नाही. टोक कापून टाका, नवं तांबं सोला, स्क्रू घट्ट करा. पाच मिनिटाचं काम आहे आणि कैक वेळा एवढ्यावरच भागतंय.

आता लाइन ऐकायची. साधा फोन उचला, कोणताही एक आकडा दाबा म्हणजे टोन बंद होतोय, आणि त्या शांततेत कान देऊन ऐका. चरचर, कडकड ऐकू आली तर कुठंतरी सांधा ढिला किंवा ओला. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत खड्ड्यातला जॉइंट पाणी पितोय, आणि उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळती तेव्हा केबल ताणती, त्यामुळं दोन्ही मौसमात लाइन वेगवेगळ्या कारणानं खराब. फक्त पावसातच तक्रार येत असंल तर ओला जॉइंट समजा आणि मोडेमला हात लावू नका.

एकसारखी घर्रर्र ऐकू आली तर ती विजेची. मानवतकडच्या एका जिनिंगवरचं सांगतो. मोडेम सकाळी लागंना, रात्री लागंना, दोन मोडेम बदलून झालेले, आणि मुनीमजी म्हणाले, "साहेब, दुपारी जेवायच्या सुट्टीत मात्र बरोबर लागतंय बघा." सुट्टीत काय होतंय? कापसाच्या गाठी बांधायची प्रेस बंद असती. टेलिफोनची वायर प्रेसच्या मोटारीच्या केबलला बांधून, तिच्यासोबतच भिंतीवरून आणली होती, दिसायला नीट म्हणून. वायर सोडवून हातभर लांबून नेली आणि काम झालं. शेतातल्या घराला पण असंच होतंय, खांबावरून घरात येणारी फोनची वायर पंपाच्या थ्री-फेज लाइनच्या खालून पळती आणि मोटार चालू झाली की घर्रर्र. रात्रपाळीची लाइट असली की रात्री मोडेम लागत नाही, दिवसपाळी असली की दिवसा. पाळीचा हप्ता आणि मोडेमचा हप्ता जुळतोय का बघा.

मल्टिमीटर असंल तर डीसीवर ठेवून रोझेटच्या दोन वायरींवर लावा. फोन ठेवलेला असताना ४८ व्होल्टच्या आसपास पाहिजे, उचलल्यावर साधारण ६ ते १२ वर येतंय. ठेवलेला असतानाच ३०-३५ दाखवत असंल तर लाइन कुठंतरी गळायलीय. उघड्या वायरला हात लावून बसू नका, तेवढ्यात रिंग आली तर ७०-८० व्होल्ट एसी येतंय, मरत नाही माणूस पण शिवी निघती.

लाइनमनला फोन करताना एक ध्यानात ठेवा, "मोडेम चालत नाही" असं म्हणू नका. मोडेमचं नाव काढलं की तुमच्या कंप्युटरचा प्रॉब्लेम आहे म्हणून तक्रार बंद. "मामा, फोनमधी लै खरखर यायलीय, समोरचं ऐकू येईना" असं म्हणा. ते खोटं पण नाही. आणि ते आले की त्यांच्याच टेस्ट फोनवर डीपीपाशी खरखर ऐकायला लावा. डीपीपाशी लाइन साफ असंल तर रोग डीपी ते घर, तिथंबी खरखर असंल तर मागच्या केबलमधी. मागच्या केबलला दुसरी जोडी मोकळी असंल तर ती बदलून मागा, कुजलेली जोडी दुरुस्त करण्यापेक्षा ते लवकर होतंय.

तांबं का फायबर?

हा प्रश्न आजकाल सगळ्यात मोठा आणि लोकांना विचारायचं सुचतच नाही. नंबर तोच, फोन तोच, पण मागच्या दोन-चार वर्षात कोणीतरी येऊन भिंतीवर फायबरचा डबा लावून गेलंय आणि फोनची वायर आता त्या डब्यातून निघतीय. ओळखायचं सोपं आहे, लाइट गेली आणि इन्व्हर्टर बी नसला की फोन मेला तर फायबर, लाइट गेल्यावर पण टोन येत असंल तर तांबं, कारण तांब्याच्या लाइनला करंट एक्स्चेंजच्या बॅटरीतून येतोय.

फायबरच्या डब्यात तुमचा आवाज पाकिटं पाडून पाठवतात. माणसाच्या बोलण्यात एखादं पाकीट हरवलं तर कळत पण नाही, मोडेमला तेवढ्यात कॅरियर तुटल्यासारखं वाटतंय. त्यात जर आवाज जी.७२९ सारख्या दाबून टाकणाऱ्या कोडेकमधून (आवाजाचे आकडे करायची पद्धत) जात असंल तर मोडेम लागणारच नाही, कितीबी डोकं आपटा. जी.७११ असंल तर कमी स्पीडला लागू शकतंय. त्यामुळं सर्व्हिसवाल्याला कोडेक विचारा, आणि मोडेमचा स्पीड खाली आणा, तो कसा ते खाली सांगतो. खरं विचाराल तर फायबर आलेल्या जागी त्याच डब्याच्या इंटरनेटवरून फाइल पाठवायची सोय करून घ्या आणि मोडेम माळ्यावर टाका. पण सॉफ्टवेअर ऐकत नाही म्हणून तर तुम्ही इथवर वाचत आलात.

मोडेम जिवंत आहे का

बाहेरचा डबा असंल, सिरियल पोर्टचा, तर एक टर्मिनल प्रोग्राम उघडा. विंडोज एक्सपीपर्यंत हायपरटर्मिनल सोबत यायचं, पुढं काढून टाकलं, आता पुट्टी नावाचा प्रोग्राम घ्या आणि सिरियल निवडा. एटी टाइप करून एंटर. ओके आलं तर कंप्युटर आणि मोडेम एकमेकाशी बोलतायत. काहीच आलं नाही तर पोर्टचा नंबर चुकला, केबल ढिली, किंवा दुसरा कोणतातरी प्रोग्राम पोर्ट धरून बसलाय, विंडोज त्याला ६३३ म्हणतंय. फॅक्सचा प्रोग्राम बॅकग्राउंडला चालू असतोय, हा नेहमीचा चोर. यूएसबी-टू-सिरियल लावलं असंल तर दुसऱ्या भोकात खोचलं की पोर्टचा नंबर बदलतोय, तेबी बघा.

ओके आल्यावर एटी&एफ देऊन फॅक्टरी सेटिंगवर आणा, आधी कोणी काय उद्योग करून ठेवलेत ते सगळे पुसले जातात. मग एटीएच१. ह्यानं मोडेम फोन उचलतंय. स्पीकरमधून, नाहीतर पॅरलल फोनवर टोन ऐकू आला तर मोडेम चांगलं. टक् झालं पण टोन नाही, आणि तीच वायर साध्या फोनवर चालतीय, तर लाइनकडचा भाग गेलेला आहे. हे शक्यतो वळवाच्या पावसात होतंय. मे महिन्यात संध्याकाळी आभाळ भरून येतंय, वीज लांब कुठंतरी पडती, आणि झटका खांबावरच्या वायरीतून घरात येतोय. लोक प्लग काढतात आणि टेलिफोनची वायर तशीच ठेवतात, आणि झटका तर तिथूनच येतोय. दोन्ही काढा. जळालेला भाग दुरुस्त करण्यात अर्थ नाही, दुसरं मोडेम बघा. एटीएच० दिलं की फोन खाली ठेवला जातोय, ते विसरू नका नाहीतर दिवसभर तुमचा फोन एंगेज.

कंप्युटरच्या आतलं पीसीआय मोडेम असंल तर ते बहुतेक विनमोडेम, म्हणजे अर्धं काम ड्रायव्हर करतोय. त्याला नेमका त्याच्याच चिपचा ड्रायव्हर पाहिजे. माझं मत विचाराल तर असल्या कार्डापायी दिवस घालवू नका, जुन्या बाजारात बाहेरचा सिरियल डबा मिळतोय तो घ्या.

टोन आहे, नंबर जाईना

डायल करून झाल्यावर पण टोन तसाच घुमत राहिला तर एक्स्चेंजला किंवा ऑफिसच्या इंटरकॉमला टोन डायलिंग कळेना झालंय. एटीडीटी ऐवजी एटीडीपी, म्हणजे पल्स, करून बघा. ऑफिसमधी ईपीएबीएक्स, म्हणजे इंटरकॉमचं एक्स्चेंज, असंल तर आधी ० किंवा ९ लागतोय, त्याच्यापुढं स्वल्पविराम टाका, एक स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंद थांबा. बाहेरची लाइन यायच्या आत नंबर गेला तर पहिले आकडे हवेत जातात.

विंडोजचे डायलिंग रूल्स पण खोड्या करतात. एरिया कोडमधी शून्य लिहायचा नसतोय, नांदेड असंल तर २४६२, लातूर २३८२, परभणी २४५२, शून्य विंडोज स्वतः लावतंय. तुम्ही ०२४६२ लिहिलं तर दोन शून्य जातात आणि आयएसडी लागायला बघतंय. सरळ उपाय, डायलिंग रूल्सची टिक काढा आणि पूर्ण नंबर जसाच्या तसा लिहा. आणि स्पीकरमधून बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला तर ती काय म्हणायलीय ते नीट ऐका, एसटीडीला लॉक असंल तर ती तेच सांगतीय आणि मोडेम बिचारं शिट्टीची वाट बघत बसतंय.

रिंग जाती, उचलत नाही

साध्या फोनवरून समोरचा नंबर लावा. शिट्टी ऐकू आली तर समोरचं ठीक. रिंगच वाजत राहिली, म्हणजे ६७८, तर समोरचं मोडेम ऑटो-आन्सरवर नाही. एटीएस०=२ दिलं की दोन रिंगला उचलतंय. पण ही सेटिंग लाइट गेली की पुसली जाती, आणि आपल्याकडं लाइट जाणार नाही असा दिवस कोणता? म्हणून लगेच एटी&डब्ल्यू देऊन मोडेममधी सेव्ह करून टाका. "काल चालू होतं, आज बंद" ह्या तक्रारीमागं कित्येकदा एवढंच असतंय. मोडेमवर एए नावाचा दिवा असतोय, तो लागलेला असंल तर ऑटो-आन्सर चालू.

खर्रर्र होतंय आणि मग नो कॅरियर

हे सगळ्यात चिवट. पहिलं एक समजून घ्या, डब्यावर ५६के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटचा स्पीड, लिहिलंय म्हणून दोन घरगुती मोडेम एकमेकाला ५६ ला कधीच लागत नाहीत. १९९८ ला आलेल्या व्ही.९० ह्या मोडेमच्या स्टँडर्डमधी ५६ चा स्पीड मिळायला एक टोक सरळ डिजिटल लाइनवर पाहिजे, जसं इंटरनेट कंपनीकडं असायचं. वजनकाटा ते ऑफिस असं साध्या दोन फोनवर जास्तीत जास्त ३३.६. ते मोडेम उगंच आधी वरचा स्पीड ट्राय करण्यात वेळ घालवतंय. एटी+एमएस=व्ही३४ देऊन त्याला तिथंच बांधा. खराब लाइन किंवा फायबर असंल तर एटी+एमएस=व्ही३२बी, म्हणजे १४४०० च्या वर जाणारच नाही. जुन्या रॉकवेल चिपला नावाऐवजी आकडे लागतात, ११ आणि १०. यूएस रोबोटिक्स कंपनीच्या मोडेमची तऱ्हा वेगळी, तिथं &एन ची कमांड. पावत्यांची फाइल केवढी असती? १४४०० ला लागलेलं आणि न तुटणारं कनेक्शन ३३ ला लागून मधीच मरणाऱ्यापेक्षा कधीबी चांगलं.

हँडशेक, म्हणजे दोन मोडेमची सुरुवातीची बोलणी, पूर्ण व्हायच्या आत मोडेम कंटाळून फोन ठेवत असंल तर मोडेमची एस७ नावाची सेटिंग वाढवा, एटीएस७=९० म्हणजे दीड मिनिट वाट बघतंय. लागल्यावर मधीच तुटत असंल तर एस१०. हा सेकंदाच्या दहाव्या भागात असतोय, बऱ्याच मोडेमला मुळात १४, म्हणजे दीड सेकंद पण नाही. एटीएस१०=५० केलं की पाच सेकंदाचा अडथळा सहन करतंय, कॉल वेटिंगची बीप आली तरी बहुतेक वेळा तग धरतंय. कॉल वेटिंग बंदच करून टाकलेलं बरं, फक्त जुन्या पुस्तकातला *७० चा कोड वापरू नका, तो अमेरिकेचा आहे.

ह्या सगळ्या कमांड दरवेळी हातानं द्यायची गरज नाही, मोडेम प्रॉपर्टीजमधी ॲडव्हान्सला एक्स्ट्रा इनिशियलायझेशनची चौकट असती, तिथं एकदाच टाका.

आवाज बंद झाला, मग एरर

६९१ म्हणजे युजरनेम-पासवर्ड, कॅप्स लॉक बघा. ७२० म्हणजे टीसीपी-आयपी बिघडलंय. ७१८ किंवा ६१९ वारंवार येत असंल तर समोरचा सर्व्हर नीट उत्तर देईना, पण त्याआधी परत एकदा लाइन ऐका, घाण लाइनवर पण हेच दिसतंय. ६७६ म्हणजे समोरचा नंबर एंगेज, त्याला उपाय एकच, ऑफिसातल्या माणसाला सांगा की रात्री आठ ते नऊ त्या लाइनवर बायकोशी बोलत बसू नका.